डोके पित्ताने दुखते की मानेने? सतरा वर्षांनी मिळालेले उत्तर

लालशाई (धागाकर्ती)

नमस्कार. मी नागपुरात मनीषनगरला राहते आणि सीताबर्डीवरील एका बँकेत नोकरी करते. वय ४४. डोकेदुखी आणि मानदुखी यांवर आपल्याकडे घरोघरी इतकी मते असतात की खरे कारण त्या मतांखालीच दबून जाते, आणि माझ्या बाबतीत ते सतरा वर्षे दबून राहिले, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

वयाच्या सत्ताविसाव्या वर्षापासून मला महिन्यातून दोन-तीन वेळा असा त्रास व्हायचा. सकाळी उठताच मानेच्या मुळाशी, डाव्या बाजूला, कोणी अंगठा दाबून धरल्यासारखे वाटायचे. दोन तासांत ती कळ कानामागून डाव्या डोळ्यापर्यंत चढायची, खिडकीतला उजेड सहन व्हायचा नाही, स्वयंपाकघरात फोडणी पडली की तिच्या वासाने मळमळायचे, आणि संध्याकाळी एकदाची उलटी झाली की गाढ झोप लागायची. उलटीत शेवटी पिवळे, कडू पाणी पडायचे. ते पाणी पाहून सासूबाईंपासून शेजारच्या काकूंपर्यंत सर्वांनी निदान केले की हे पित्त आहे. त्यानंतर उपाशीपोटी पित्ताची गोळी, कोकमाचे सरबत, आंबट बंद, तिखट बंद असे सगळे करून झाले. त्याने पोटाला काही झाले असेल तर असो, डोक्याला काही उतार पडला नाही.

पाच वर्षांपूर्वी मानदुखी वाढली. एक्स-रे काढला, मग एमआरआय काढला, आणि "मणक्यात गॅप आला आहे, नस दबते आहे, पट्टा लावा" असे सांगण्यात आले. मी तो पट्टा चार महिने, कार्यालयातसुद्धा, दिवसभर बांधून राहिले. पट्टा काढला तेव्हा मान आधीपेक्षाही लवकर थकू लागली होती. दरम्यान औषधाच्या दुकानातून डोकेदुखीची गोळी आणण्याचे प्रमाण कधी वाढले, ते माझ्याही लक्षात आले नाही. पर्समध्ये एक पत्ता, टेबलाच्या खणात एक, उशीखाली एक. शेवटच्या वर्षभरात डोके दुखत नाही असा दिवस आठवून सांगावा लागे.

मागच्या वर्षी एका चेतारोगतज्ज्ञांकडे, म्हणजे न्यूरोलॉजिस्टकडे, गेले. त्यांनी माझी जाडजूड फाइल बाजूला ठेवली आणि एकच काम सांगितले : महिनाभर रोज लिहा. मी स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर, जिथे दुधाचा हिशेब लिहितो तिथेच, डोके दुखेल त्या तारखेभोवती लाल शाईने गोल आणि गोळी घेतली की निळी टिकली करू लागले. महिनाअखेरीस मोजले तेव्हा १९ गोल आणि २३ टिकल्या होत्या. डॉक्टरांनी एमआरआयच्या आधी ते पान पाहिले आणि सांगितले की मूळ आजार अर्धशिशी म्हणजे मायग्रेन आहे, मानदुखी हा बऱ्याच अंशी त्या मायग्रेनचाच भाग आहे, आणि आताची रोजची डोकेदुखी ही गोळ्यांच्या अतिरेकातून निर्माण झाली आहे.

गोळीनेच डोके दुखते, हे ऐकून मी अविश्वासाने त्यांच्याकडे पाहत राहिले. त्यांनी समजावले की आधीपासून डोकेदुखीचा आजार असलेल्या माणसाने साधी वेदनाशामक गोळी महिन्यात १५ किंवा त्याहून अधिक दिवस, अथवा कॅफीनमिश्रित गोळ्या, अर्गोटामीन किंवा ट्रिप्टान ही मायग्रेनची औषधे किंवा अफूजन्य औषधे महिन्यात १० किंवा त्याहून अधिक दिवस, अशी तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ घेतली, तर मेंदूतील वेदनेची यंत्रणाच अधिक हळवी होते आणि गोळीचा अंमल उतरला की डोके पुन्हा दुखू लागते. मग आपण पुन्हा गोळी घेतो, आणि असे चक्र फिरत राहते.

त्या गोळ्या मी त्यांच्या देखरेखीखाली बंद केल्या. पहिले दहा दिवस फार कठीण गेले. रजा घ्यावी लागली. सोबत रात्री घ्यायचे प्रतिबंधक औषध आणि मानेचे व्यायाम सुरू केले. तिसऱ्या महिन्यात दिनदर्शिकेवर सात गोल होते, आणि मागच्या महिन्यात चार. मला आपणा सर्वांचे अनुभव वाचायचे आहेत, आणि इथे या क्षेत्रातले जाणकार असतील तर त्यांनी माझे काही चुकले असल्यास अवश्य दुरुस्त करावे.

मानेची_काळजी

लालशाईताई, आपण फार नेमके लिहिले आहे. मी धरमपेठ भागात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते आणि "मानेमुळे डोके दुखते" असे सांगणारे रुग्ण रोज पाहते, म्हणून मानेच्या बाजूने लिहिते.

मानेच्या वरच्या तीन मणक्यांलगतच्या चेतातंतूंकडून येणाऱ्या संवेदना आणि चेहरा व कपाळ यांच्याकडून येणाऱ्या संवेदना मेंदूच्या देठात व मज्जारज्जूच्या वरच्या भागात एकाच केंद्रकात, म्हणजे चेतापेशींच्या एकाच पुंजक्यात, जाऊन मिळतात. त्यामुळे मानेतला बिघाड डोळ्यामागे दुखू शकतो, आणि उलट, मायग्रेन सुरू होताना वेदना मानेत जाणवू शकते. मायग्रेनच्या झटक्यात किंवा झटक्याच्या आदल्या काही तासांत मान आखडणे हे अतिशय नेहमीचे लक्षण आहे. रुग्ण म्हणतो, "आधी मान धरली, मग डोके चढले," आणि क्रम तसाच असतो. पण जे आधी दुखले तेच कारण असले पाहिजे, असे नसते.

खरोखर मानेतून उद्भवणारी डोकेदुखी वेगळी ओळखता येते. ती बहुधा एकाच बाजूला राहते, मानेच्या विशिष्ट हालचालीने किंवा मान बराच वेळ एका स्थितीत ठेवल्याने वाढते, मान त्या बाजूला वळवताना अडते, आणि मानेच्या वरच्या सांध्यावर दाब दिला की ओळखीची तीच कळ डोक्यात उठते. मळमळ, उजेड व आवाज असह्य होणे हे तिच्यात सहसा ठळक नसते.

"गॅप" या शब्दाने लोकांना फार घाबरवले आहे, याचे मला मनापासून वाईट वाटते. मणक्यांमधील चकत्यांची झीज ही केस पिकण्यासारखी वयानुसार होणारी गोष्ट आहे. जपानमध्ये मानेचा कोणताही त्रास नसलेल्या १,२११ लोकांचे एमआरआय काढले गेले, तेव्हा त्यांच्यापैकी ८७.६ टक्के लोकांच्या चकत्या फुगलेल्या दिसल्या. तो अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणून अहवालात "बल्ज" लिहिले आहे एवढ्यावरून तेच दुखण्याचे कारण ठरत नाही. नस खरोखर दबली असेल तर कळ खांद्यातून हातात उतरते, अंगठ्यात किंवा मधल्या बोटात मुंग्या येतात, पकड कमी होते. तसे असले तरी बहुतेकांना काही आठवड्यांत, शस्त्रक्रियेविना, आराम पडतो. परंतु चालताना तोल जाणे, सदऱ्याची गुंडी लावताना बोटे अडखळणे, लघवीवरचा ताबा सुटणे यांपैकी काही असेल तर मज्जारज्जूवर दाब असू शकतो, आणि तिथे व्यायामात वेळ न घालवता तज्ज्ञांकडे गेले पाहिजे.

पट्ट्याबद्दल ताईंना जे आढळले ते अगदी खरे आहे. अपघातानंतर किंवा शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी सांगितला असेल तर गोष्ट वेगळी. एरवी पट्टा दोन-चार दिवसांपलीकडे बांधल्यास मानेचे स्नायू आळसावतात. मान अवघडली असेल तेव्हा गरम शेक घ्यावा आणि वेदनेच्या मर्यादेत हालचाल सुरू ठेवावी.

मी सर्वांना आधी एकच व्यायाम शिकवते. भिंतीला पाठ टेकून उभे राहा, नजर समोर ठेवा, आणि हनुवटी खाली न झुकवता सरळ मागे घ्या, इतकी की मानेच्या मागची बाजू लांब झाल्यासारखी वाटेल आणि गळ्याखाली दुहेरी हनुवटी दिसेल. पाच अंक मोजा, सोडा, दहा वेळा करा. हा सोपा वाटतो, पण निम्मे लोक पहिल्या दिवशी हनुवटी मागे घेण्याऐवजी छातीकडे झुकवतात, म्हणून आरशात बाजूने पाहून करावा. त्याच्या जोडीला दोन्ही खांद्यांची पाती मागे-खाली ओढून धरण्याचा व्यायाम हवा, कारण डोक्याचे साडेचार-पाच किलो वजन मान एकटी पेलत नाही, खांद्यांची साथ लागते. फरक दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात. दुसऱ्या आठवड्यात सोडून देणारे पुष्कळ आहेत.

इतवारीकर

ताई, माझे इतवारीत कापडाचे जुने दुकान आहे. गादीवर मांडी घालून, समोर उतरते मेज ठेवून, दिवसाचे आठ-नऊ तास चोपडी लिहिण्यात जातात. संध्याकाळपर्यंत मान लाकडासारखी होते आणि दोन्ही बाजूंनी डोके आवळल्यासारखे दुखते. दर रविवारी दाढी-कटिंगनंतर न्हावीदादा चंपी करून दोन्ही बाजूंनी मान मोडून देतात, कडकड आवाज येतो आणि अर्धा दिवस फार हलके वाटते. वीस वर्षांची सवय आहे. याने काही अपाय होतो का, हे कोणी जाणकारांनी सांगावे.

चेतातंतू

मी चेतारोगाच्या क्षेत्रात काम करतो. इथे कोणाचेही प्रत्यक्ष तपासणीविना निदान करता येत नाही, तरी सर्वसाधारण माहिती देतो.

इतवारीकर दादा, चंपी अवश्य करून घ्या, परंतु मान मोडून घेणे आजपासून थांबवा, ही माझी कळकळीची विनंती आहे. मानेच्या मणक्यांच्या छिद्रांतून मेंदूकडे जाणाऱ्या दोन रक्तवाहिन्या असतात. मानेला अचानक जोराचा पीळ बसला तर त्या वाहिनीचे आतील अस्तर फाटू शकते, तिथे रक्ताची गुठळी होते, ती पुढे सरकते आणि पक्षाघात होतो. असे क्वचित घडते, पण घडते तेव्हा ते बहुधा धडधाकट, कर्त्या वयाच्या माणसाला घडते. मान मोडून घेतल्यानंतर मानेत किंवा डोक्याच्या मागे एका बाजूला नवी, तीव्र वेदना सुरू झाली, चक्कर आली, एकाचे दोन दिसू लागले, बोलणे जड झाले किंवा तोल जाऊ लागला, तर "नस चढली" म्हणून घरी झोपून राहू नये, त्याच तासाला रुग्णालय गाठावे. हलके वाटते ते सांध्यातला ताण तेवढ्यापुरता सुटल्यामुळे. तेवढा आराम गरम शेक आणि वर सांगितलेल्या व्यायामानेही मिळतो.

आपण वर्णन केलेली डोकेदुखी तणावजन्य प्रकाराची वाटते. दोन्ही बाजूंनी, पट्टा आवळल्यासारखी, मध्यम स्वरूपाची, जिन्याने चढ-उतार केल्याने न वाढणारी, अर्ध्या तासापासून सात दिवसांपर्यंत टिकणारी. जगात सर्वाधिक आढळणारी डोकेदुखी हीच. मायग्रेन ४ ते ७२ तास टिकतो, ठोके पडल्यासारखा दुखतो, हालचालीने वाढतो आणि मळमळ किंवा उजेड-आवाजाचा त्रास सोबत आणतो. त्याला आपण अर्धशिशी म्हणतो, पण अनेकांना तो दोन्ही बाजूंना होतो, आणि त्या नावामुळेच "माझे पूर्ण डोके दुखते, म्हणजे मला अर्धशिशी नाही" असा गैरसमज होतो. काहींना दुखण्याच्या आधी ५ ते ६० मिनिटे डोळ्यांसमोर नागमोडी चमकत्या रेषा दिसतात किंवा हाताला मुंग्या येतात.

पित्ताविषयी थोडे सविस्तर लिहावेसे वाटते, कारण विदर्भातच काय, साऱ्या महाराष्ट्रात मायग्रेनचे निदान या एका शब्दापाशी अडते. मायग्रेनच्या झटक्यात जठराचे काम मंदावते, त्यामुळे मळमळ होते आणि उलटी होते. पोट रिकामे असेल तर यकृताकडून आलेले पित्तच बाहेर पडते, त्याचा रंग पिवळाच असणार. उलटीनंतर बरे वाटते, कारण बहुतेकदा झटका तोवर ओसरत आलेला असतो. म्हणजे पित्त हा झटक्याचा परिणाम आहे. जठर मंदावल्यामुळेच उशिरा घेतलेली गोळी पोटात पडून राहते; ती झटक्याच्या सुरुवातीला, पूर्ण मात्रेत, गरज असल्यास उलटी थांबवणाऱ्या औषधासोबत घ्यावी, असे आम्ही सांगतो.

झटक्यासाठी पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन किंवा नॅप्रोक्सेन, आणि त्यांनी भागत नसेल तर सुमाट्रिप्टान, रिझाट्रिप्टान ही औषधे वापरली जातात. हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेल्यांना ट्रिप्टान देत नाहीत. मूत्रपिंडाचा विकार किंवा जठरव्रण असेल तर आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, डायक्लोफेनॅक टाळावे लागते. महिन्यात चार किंवा अधिक दिवस त्रास होत असेल तर प्रतिबंधक औषधाचा विचार करतात. प्रोप्रॅनोलॉल चांगले, पण दमा असलेल्यांना नाही. अमिट्रिप्टिलीन अल्प मात्रेत तणावजन्य डोकेदुखीलाही उपयोगी पडते. तोंड कोरडे पडते आणि सकाळी सुस्ती येते, म्हणून ते रात्री लवकर घेतात. टोपिरामेट आणि व्हॅलप्रोएट गर्भाला घातक असल्याने मूल होण्याच्या वयातील स्त्रियांनी याबाबत डॉक्टरांशी स्पष्ट बोललेच पाहिजे. फ्लुनारिझीन आपल्याकडे सर्रास लिहिले जाते. त्याने वजन वाढते, उदासी येऊ शकते, आणि वयस्क माणसांत ते लांबल्यास कंपवातासारखी लक्षणे दिसतात, म्हणून तेच ते जुने कागद दाखवून वर्षानुवर्षे घेत राहू नये. यांपैकी कोणत्याही औषधाची परीक्षा योग्य मात्रेत दोन-तीन महिने घेतल्याखेरीज होत नाही.

ज्या स्त्रियांना चमकत्या रेषांसह मायग्रेन होतो, त्यांनी इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घेऊ नयेत, कारण पक्षाघाताचा धोका वाढतो. ही गोष्ट विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही, म्हणून इथे नोंदवतो.

मोगरा

ताईंचे लिखाण वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आले, कारण ही माझीच कहाणी आहे. माझे वय ३८, दोन मुले. माझे डोके हमखास संकष्टी चतुर्थीला दुखते. दिवसभर फक्त चहा, आणि चंद्रोदय कधी रात्री नऊला तर कधी दहालाही. नैवेद्याचे ताट वाढेपर्यंत मला उभे राहवत नाही. घरात म्हणतात, "तुझे पित्त खवळते, तू साबुदाणा खाऊ नकोस." उपवास सोडण्याचे माझ्या मनाला पटत नाही. काय करावे?

लालशाई

मोगरा, अगं, माझ्या दिनदर्शिकेवर चतुर्थीच्या तारखेवर सलग तीन महिने लाल गोल होता. मी उपवास सोडला नाही. डॉक्टरांनी विचारले की फलाहार चालतो का, आणि मी हो म्हटले. आता सकाळी राजगिऱ्याची भाकरी व दही, दुपारी भगर आणि शेंगदाण्याची आमटी, पाच वाजता एक फळ, आणि पाण्याची बाटली सतत जवळ. उपाशी राहण्याचे तास तुटले आणि गेल्या पाच चतुर्थ्यांपैकी चार बिनदुखत्या गेल्या. हरतालिकेचा निर्जळी उपवास मात्र मी बंद केला आहे. सासूबाईंना दिनदर्शिकेची पाने दाखवली, तेव्हा त्याच म्हणाल्या की देवीला तुझे डोके धरून बसणे नको आहे.

चेतातंतू

अगदी योग्य. जेवणाची वेळ चुकणे, झोप कमी किंवा जास्त होणे, पाळीच्या आधी संप्रेरके उतरणे, ऊन आणि पाण्याची कमतरता ही मायग्रेन चेतवणारी मोठी कारणे आहेत. चहाचेही लक्षात ठेवा. रोज पाच-सहा कप घेणाऱ्याने एखाद्या दिवशी तो अजिबात घेतला नाही, तर केवळ त्यानेही डोके दुखते. कमी करायचा असेल तर हळूहळू करावा.

मिहानवासी

माझे वय ३१, मिहानमध्ये सॉफ्टवेअरचे काम करतो, आणि अमेरिकेच्या वेळेनुसार रात्रपाळी असते. मला कपाळ आणि मान दोन्ही दुखायचे. मी आधी चष्म्याचा नंबर बदलला असेल असे समजलो, तपासणीत ०.२५ चा फरक निघाला आणि नव्या चष्म्याने काही बदल झाला नाही. मग लॅपटॉप चार पुस्तकांवर ठेवून पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीत आणली, वेगळा कळफलक घेतला, आणि दर चाळीस मिनिटांनी उठून पाणी प्यायला सुरुवात केली. याने बराच फरक पडला. सर्वांत जास्त फरक मात्र दिवसाची झोप जाड पडदे लावून ठरलेल्या वेळी घेतल्याने पडला.

दोन शंका आहेत. पहिली, उन्हाळ्यात कूलरची हवा थेट मानेवर घेऊन झोपलो की सकाळी मान धरलेली असते; हे खरेच कूलरमुळे होते का? दुसरी, मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर असताना वर्धा मार्गाने दुचाकीवरून आलो की हेल्मेट काढताच डोके ठणकते. हेल्मेट हेच कारण समजावे का?

मानेची_काळजी

कूलरबद्दल खूप जण सांगतात. मला अधिक वेळा असे आढळते की गरमीत उशिरा झोप लागते, मग थंड हवेत माणूस एकाच कुशीवर, उंच उशीवर, मान वाकडी करून हलल्याशिवाय झोपतो. कूलरचे तोंड पायांकडे करा आणि उशी अशी घ्या की कुशीवर झोपल्यावर नाक छातीच्या मध्यरेषेत राहील. खांदा आणि मान यांच्यातील पोकळी भरली पाहिजे. पोटावर झोपणे टाळा.

हेल्मेट मात्र कोणत्याही परिस्थितीत सोडू नका. कपाळावर किंवा कानशिलावर आवळणारे हेल्मेट बाह्य दाबामुळे डोके दुखवते, आणि ते काढल्यावर तासाभरात थांबते. योग्य मापाचे घेतल्यास हा त्रास जातो. हेल्मेटखाली दुपट्ट्याचे जाड वेढे गुंडाळून त्याची गाठ मानेवर मारण्याची जी सवय आपल्याकडे मुलींना आहे, तिनेही दाब पडतो; सुती पातळ स्कार्फ पुरेसा आहे. निघण्याआधी पाणी पिऊन निघा. आणि उन्हातून आल्यावर डोके दुखण्यासोबत अंग तापले, बरळल्यासारखे झाले किंवा शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात आहे. अंगावर पाणी ओतत, वारा घालत ताबडतोब रुग्णालयात न्यावे.

गोरेवाडा

मी इथे प्रथमच लिहीत आहे. माझ्या वडिलांचे वय ७२. तीन आठवड्यांपासून त्यांचे डोके दुखते आणि मान जड वाटते. ओळखीच्यांनी सांगितले की हा मानेचा स्पाँडिलायटिस आहे, म्हणून आम्ही शेक देत आहोत आणि तेल लावत आहोत. याआधी आयुष्यात त्यांचे डोके कधी दुखले नाही. आता ते दुपारी फार झोपतात, आणि काल वर्तमानपत्र उलटे धरून बसले होते. त्यांना अँजिओप्लास्टीनंतर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत. कोणता व्यायाम सुरू करावा?

चेतातंतू

गोरेवाडा, कृपया व्यायाम, शेक, तेल सगळे थांबवा. गेल्या दोन महिन्यांत वडील कुठे पडले होते का, किंवा डोक्याला साधा मारही लागला होता का? उत्तर काहीही असले तरी त्यांना आजच, उद्यापर्यंत न थांबता, डोक्याचा सीटी स्कॅन होतो अशा रुग्णालयात न्या. नागपुरातील मेडिकल, मेयो किंवा एम्स या सरकारी रुग्णालयांपैकी आपल्याला जे जवळ असेल तिथल्या आपत्कालीन विभागात गेलात तरी चालेल. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची नावे लिहून सोबत न्या आणि त्या तिथल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय स्वतः बंद करू नका.

इतर वाचकांसाठीही लिहितो. पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली डोकेदुखी ही मान किंवा पित्त यांच्या नावावर कधीही खपवू नये. या वयात कानशिलाजवळची रक्तवाहिनी सुजून दुखणे, जेवताना जबडा दुखणे असा एक आजार होतो, त्याचे उपचार वेळेवर न झाल्यास दृष्टी कायमची जाते. एका क्षणात, वीज कोसळावी तशी सर्वांत तीव्र डोकेदुखी होणे. ताप आणि हनुवटी छातीला न टेकणे. हात-पाय लुळे पडणे, वाचा जाणे, झटके येणे. डोळा लाल होऊन दुखणे आणि दिव्याभोवती रंगीत वलये दिसणे. गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर नव्याने डोके दुखणे. खोकल्याने किंवा आडवे झाल्याने वाढत जाणारे दुखणे : यांपैकी काहीही असल्यास वाट पाहू नये. आपल्या विदर्भात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे रुग्ण पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकी कोणाला, विशेषतः लहान मुलाला, तीव्र डोकेदुखी किंवा अंगाच्या एका बाजूला अशक्तपणा आला, तर तो पक्षाघात असू शकतो.

रक्तदाबाबद्दलही अनेक जण विचारतात. थोडाफार वाढलेला रक्तदाब सहसा डोके दुखवत नाही, आणि म्हणूनच डोके दुखत नाही म्हणजे रक्तदाब ठीक आहे, असे समजून गोळी सोडणे धोक्याचे आहे. वरचा आकडा १८० च्या पुढे गेला आणि डोके दुखत असेल, तर मात्र तातडीने दाखवावे.

इतवारीकर

गोरेवाडाताई, वडिलांचे काय झाले ते कृपया कळवा. आम्ही सगळे काळजीत आहोत. मी काल रविवारी न्हावीदादांना मान मोडण्यास नाही म्हणून सांगितले आणि चेतातंतू साहेबांचे उत्तर त्यांना मोबाइलवर वाचून दाखवले. त्यांनी ते दोनदा वाचायला लावले आणि म्हणाले की आता कोणाचीच मोडणार नाही. दुकानातले मेजही वीतभर उंच करून घेतले आहे.

गोरेवाडा

उशिरा लिहीत आहे, क्षमस्व. त्याच संध्याकाळी बाबांना घेऊन गेलो. सीटी स्कॅनमध्ये कवटी आणि मेंदू यांच्यामध्ये जुने रक्त साचलेले दिसले. डॉक्टरांनी तोच प्रश्न विचारला, तेव्हा आईला आठवले की सहा आठवड्यांपूर्वी न्हाणीघरात घसरून त्यांचे डोके नळावर आपटले होते. टेंगूळही आले नव्हते, म्हणून कोणी मनावर घेतले नाही. डॉक्टरांनी समजावले की उतारवयात मेंदू थोडा आक्रसतो, त्याच्यावरच्या बारीक शिरा ताणल्या जातात, आणि रक्त पातळ असेल तर किरकोळ माराने त्या फाटून आठवडे-आठवडे हळूहळू रक्त झिरपत राहते. गोळ्यांचा परिणाम लक्षात घेऊन तिसऱ्या दिवशी कवटीला दोन लहान छिद्रे पाडून रक्त काढून टाकले.

काल टाके काढले. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या पुन्हा केव्हा सुरू करायच्या, हे हृदयाचे आणि मेंदूचे डॉक्टर मिळून सांगणार आहेत. सहा आठवड्यांनी पुन्हा सीटी करायचा आहे. ती तारीख मी लालशाईताईंसारखी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लाल गोलात लिहिली आहे. न्हाणीघरात धरायला दांडा बसवून घेतला. आज सकाळी बाबांनी वर्तमानपत्र सरळ धरले, चष्मा मागितला, आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मला मोठ्याने वाचून दाखवले.